आठ गाणी, साठ तास: एका ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या सेवेचे परीक्षण

कोणत्याही कंपनीचा पाठिंबा नसताना, चौघांच्या बचतीतून आम्ही आठ गाण्यांचा अल्बम ध्वनिमुद्रित करून घेतला, त्याला आता काही महिने लोटले आहेत. ज्या स्टुडिओत हे काम झाले त्याच्या सेवेबद्दल लिहायचे हे तेव्हाच ठरले होते. मात्र मिक्सिंग (सगळे आवाज जुळवून एक गाणे करणे), मास्टरिंग (तयार गाण्यांवरचा शेवटचा हात) आणि शेवटचे बिल हाती पडेपर्यंत मत बनवायचे नाही, अशी अट मी स्वतःला घालून घेतली होती. स्टुडिओचे नाव येथे देत नाही. ज्या तक्रारी आहेत त्यांतल्या निम्म्या आमच्याच अंदाजपत्रकातल्या चुकांमुळे उद्भवल्या, आणि मध्यम आकाराच्या बहुतेक स्टुडिओंत कामाची आणि बिलाची रीत थोड्याफार फरकाने अशीच असते.

मत आधीच सांगते. ड्रम, बेस आणि गिटार एकत्र वाजवून घेण्यासाठी ही जागा उत्तम आहे आणि तेथे मोजलेल्या पैशांचा मला पश्चात्ताप नाही. गायनासाठी ती आम्हाला विनाकारण महाग पडली. मिक्सिंगचे काम चांगले झाले, पण त्याच्या अटी आधी नीट विचारून घ्यायला हव्या होत्या. आणि त्यांनी पाठवलेले कोटेशन हे कोटेशन म्हणण्याच्या लायकीचे नव्हते. तो केवळ दरफलक होता.

ते कोटेशन एका पानाचे, त्यावर चार ओळी. पूर्ण दिवसाचे ध्वनिमुद्रण, गाण्यामागे मिक्सिंग, संपूर्ण अल्बमचे मास्टरिंग आणि जादा तासांचा दर. पूर्ण दिवस म्हणजे दहा तास, त्यापुढच्या प्रत्येक तासाला दीडपट. सोबत जोडलेली उपकरणांची यादी मात्र तीन पानांची होती. १९६७ साली बाजारात आलेला नॉयमनचा यू ८७ माइक, त्याच्याही दोन वर्षे आधीचा आणि आजही बहुतेक प्रत्येक स्टुडिओत सापडणारा शुअरचा एसएम ५७, २००१ साली उत्पादन बंद झाल्यानंतरही रेकॉर्डिस्ट मंडळी जपून ठेवतात ते पांढऱ्या शंकूचे यामाहाचे एनएस १० स्पीकर, असे बरेच काही. आम्ही चौघांनी ती यादी तासभर मिटक्या मारत वाचली आणि चार ओळींच्या त्या पानावर पाच मिनिटांत होकार कळवला. जिकडे पैसे जाणार होते ते पान पाच मिनिटांत निकालात काढले, ही आमची पहिली चूक.

त्या पानावर काय नव्हते हे नंतर एकेक करून कळत गेले. दहा तास कधी सुरू होतात? आम्ही दारात पाऊल ठेवतो तेव्हा, की पहिला माइक उभा राहतो तेव्हा? त्यांच्या हिशेबात घड्याळ ठरलेल्या वेळेला सुरू होते, मग वादक रस्त्यात अडकलेला असो वा नसो. स्टुडिओची एखादी गोष्ट बिघडली तर तो वेळ कोणाच्या खात्यात? टेकमधून, म्हणजे एकाच गाण्याच्या पुन्हा पुन्हा केलेल्या मुद्रणांतून, चांगले भाग निवडून जोडण्याचे काम, ज्याला सगळे नुसते एडिटिंग म्हणतात, ते मिक्सिंगच्या दरात येते की दिवसाच्या? सुट्या ट्रॅकच्या, म्हणजे प्रत्येक माइकच्या वेगळ्या मुद्रणाच्या, फायली आपल्याला मिळणार का, आणि त्यासाठी वेगळे पैसे लागणार का? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांनी आमच्यापासून लपवले नव्हते. विचारल्यावर प्रत्येक वेळी सरळ उत्तर मिळाले. प्रश्नच आम्हाला सुचला नव्हता.

येथे आकड्यांकडे वळते. प्रत्यक्ष रकमेचा दुसऱ्याला उपयोग नसतो, म्हणून आमचे एकूण अंदाजपत्रक शंभर भागांचे होते असे धरू. त्यात स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणाला ४० भाग, बाहेरच्या वादकांच्या मानधनाला २०, मिक्सिंगला १५, मास्टरिंगला ५, मुखपृष्ठ आणि वितरणाला १० आणि अडीअडचणीसाठी राखीव १० भाग ठेवले होते. कागदावर ही विभागणी फार समजूतदार दिसत होती. चाळीस भागांत सहा दिवस बसत होते, म्हणजे साठ तास. आठ गाण्यांना साठ तास म्हणजे एका गाण्याला साडेसात तास, आणि साडेचार मिनिटांच्या गाण्याला साडेसात तास लागतील तरी कशाला, असा आमचा हिशेब होता.

सुदैवाने मला एक वाईट खोड आहे: मी प्रत्येक गोष्टीची वेळ वहीत टिपून ठेवते. सहाव्या दिवशी रात्री त्या वहीची बेरीज केली तेव्हा साठ तासांचा जमाखर्च असा निघाला. मांडामांड आणि साउंड चेक यांत ११ तास. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, म्हणजे दाराबाहेरचा लाल दिवा पेटलेला असतानाचा वेळ, १९ तास. टेक पुन्हा ऐकून कोणता ठेवायचा यावरच्या चर्चेत ९ तास. एडिटिंग ७ तास. जेवण, विश्रांती आणि एकमेकांची वाट पाहणे ८ तास. बिघाड ४ तास. फायलींच्या प्रती काढणे २ तास. थोडक्यात, विकत घेतलेल्या दर तीन तासांपैकी जेमतेम एक तास आम्ही वाजवत होतो. हा आकडा पाहून बेसवादकाने वही मिटून परत दिली आणि बराच वेळ तो काही बोलला नाही.

यात स्टुडिओचा दोष किती, हे तपासायला हवे. अकरा तासांची मांडामांड ऐकायला फार वाटते, परंतु तिचा मोठा भाग पहिल्याच दिवशी ड्रमवर गेला आणि तो वेळ मी पुन्हा आनंदाने देईन. किकला (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला) आतून एक आणि बाहेरून एक, स्नेअरला (तळाशी तारा असलेल्या ड्रमला) वरून आणि खालून, हाय-हॅटला (झांजांच्या जोडीला) एक, टॉमना (बाकीच्या ड्रमना) दोन, वादकाच्या डोक्यावर दोन, खोलीचा आवाज टिपायला लांबवर दोन, असे अकरा माइक एका वाद्यासाठी लागले. डोक्यावरचे दोन माइक स्नेअरपासून समान अंतरावर हवेत म्हणून रेकॉर्डिस्टनी मोजपट्टी न घेता माइकची केबलच स्नेअरच्या मधोमध धरली, एका माइकपर्यंत ताणून चिमटीत पकडली आणि तीच लांबी घेऊन ते दुसऱ्या माइककडे गेले. तीन बोटांचा फरक निघाला, तेवढ्यासाठी स्टँड पुन्हा हलवला. आवाज हवेत एका मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दोन माइकपर्यंतचे अंतर वेगळे झाले की स्नेअरचा ठोका दोन वेगळ्या क्षणी पोचतो आणि दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना त्याचा भरीवपणा नाहीसा होतो. मिक्सिंगच्या वेळी हे दुरुस्त करता येते, पण तेव्हा ते गाण्यामागच्या दराने करावे लागते आणि तरीही अर्धवटच होते.

त्याच दिवशी दुपारी दुसरे एक प्रकरण झाले. बेसचा एक ठरावीक स्वर लागला की स्नेअरच्या तळाची तारांची जाळी आपोआप किणकिणायला लागे. आम्हाला ते ऐकूही येत नव्हते. काचेपलीकडून त्यांना ऐकू आले. त्यांनी स्नेअर किंचित चढवून जुळवला, बेसचा अँप्लिफायर शेजारच्या बंद खोलीत हलवला, फ्लोअर टॉमच्या कातड्यावर कागदी रुमालाची छोटी घडी चिकटपट्टीने डकवली आणि मग पुन्हा तोच स्वर वीस वेळा वाजवायला लावला. पाऊण तास गेला. हाच किणकिणाट अकराच्या अकरा माइकांत उतरला असता तर आठही गाण्यांचे ड्रम बाद झाले असते. अंदाजपत्रकात या कामासाठी वेगळी ओळ नसते, ते ‘मांडामांड’ या कंटाळवाण्या शब्दाखाली जाते; स्टुडिओला जे पैसे द्यायचे ते खरे तर याच कानाचे असतात, तीन पानी यादीचे नव्हेत.

आता बिघाडाचे चार तास. यांतले दोन तास एका हेडफोन-वितरक यंत्राने खाल्ले. चार वादकांना चार वेगवेगळे आवाज पाठवणारी ही पेटी मध्येच गुरगुरायला लागे आणि तिची केबल हलवली की गप्प होई. तिसऱ्या दिवशी ती बदलली. ती पहिल्याच दिवशी बदलायला हवी होती. बिल आले तेव्हा हे दोन तास त्यात होते. मी वहीतली नोंद दाखवल्यावर त्यांनी वाद न घालता ते वजा केले, हे नमूद करायला हवे. परंतु नोंद नसती तर ते वजा झाले असते का, याची मला शंका आहे. उरलेल्या दोन तासांपैकी चाळीस मिनिटे सर्वस्वी आमची. एका संथ गाण्याच्या शेवटी आवाज विरत जातो आणि सगळे थांबतात. तेथे हेडफोनमधला क्लिक ट्रॅक (लय धरायला वाजणारी टिकटिक) गिटारवादकाच्या कानातून निसटून माइकमध्ये गेला होता, आणि शेवटच्या स्वराच्या मागे टिक, टिक, टिक असे स्पष्ट ऐकू येत होते. शेवट पुन्हा वाजवावा लागला. त्यानंतर आम्ही क्लिक शेवटच्या ठोक्याला बंद करायला शिकलो. आदल्या रात्री संगणकावर दोन मिनिटांत करता येण्याजोगे ते काम होते.

टेक निवडण्यात गेलेले नऊ तास मात्र शुद्ध उधळपट्टी होती. महागड्या खोलीत, महागड्या स्पीकरवर, चौघे सोफ्यावर बसून ‘तिसरा टेक जास्त जिवंत होता की पाचवा’ यावर खल करत होतो आणि घड्याळ चालू होते. वास्तविक प्रत्येक टेकची कच्ची प्रत रोज रात्री फोनवर नेऊन घरी ऐकता आली असती. चौथ्या दिवसापासून आम्ही तेच केले, तेव्हा हे काम जवळजवळ फुकटात होऊ लागले. रेकॉर्डिस्टनी हा सल्ला पहिल्या दिवशी द्यायला हवा होता असे मला तेव्हा वाटले होते. नंतर विचार केला की आपली बिलाची रक्कम कमी करण्याचे उपाय गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगणे ही अपेक्षा जरा जास्तच आहे. तरीही चांगले स्टुडिओ हे सांगतात, आणि अशा स्टुडिओकडे माणूस परत जातो.

सर्वांत मोठी तूट गायनाने आणली. वेळापत्रकात शेवटचे दीड दिवस गायनासाठी ठेवले होते. वाद्यांचे काम लांबले, गायन शेवटच्या संध्याकाळी ढकलले गेले, आणि दिवसभर वादकांच्या मार्गदर्शनासाठी कच्चे गाऊन थकलेल्या गळ्याने मी चार गाणी ओढूनताणून पूर्ण केली. त्यांतली दोनच ठेवण्यासारखी निघाली. त्यामुळे आणखी बारा तास विकत घ्यावे लागले. यू ८७ बद्दल एवढी उत्सुकता होती, पण तो माझ्या आवाजातला सकार इतका टोकदार करीत होता की शेवटी एका साध्या, कमी संवेदनशील डायनॅमिक माइकवर गायले. गायनासाठी लागतो एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) आणि शांत, घुमत नसलेली खोली. शेवटची दोन गाणी मी हट्टाने घरीच गायले: उसना आणलेला तोच डायनॅमिक माइक, कपड्यांनी गच्च भरलेले उघडे कपाट पाठीशी, पंखा बंद, आणि मध्यरात्रीनंतरची वेळ. एका कडव्यासाठी बावीस टेक घेतले आणि कोणाचेही घड्याळ चालू नव्हते. मिक्स करणाऱ्या अभियंत्याला कोणती गाणी घरची हे सांगितले नव्हते. त्यांनी तसे कधी विचारलेही नाही. अकरा माइकांचे ड्रम घरी शक्य नाहीत, एका माइकचे गायन शक्य आहे, हा फरक अंदाजपत्रक करतानाच ध्यानात घेतला असता तर चाळीसातले किमान दहा भाग वाचले असते.

बाहेरच्या वादकांबद्दल थोडे. व्हायोलिन आणि चेलो वाजवणाऱ्या दोघांचे मानधन गाण्यामागे नव्हते, सत्रामागे होते, म्हणून त्यांची तिन्ही गाणी एकाच सत्रात बसवली. ते शहाणपणाचे होते. शहाणपणाचे जे नव्हते ते असे, की डेमोनंतर आम्ही एका गाण्याची पट्टी माझ्या आवाजासाठी अर्ध्या स्वराने उतरवली आणि स्वरलेखन जुन्याच पट्टीत त्यांच्यासमोर ठेवले. दोघे वादक पहिल्याच ओळीला थांबले, एकमेकांकडे पाहून हसले आणि उभ्या उभ्या पेन्सिलीने पट्टी बदलू लागले. पाऊण तास गेला, आणि त्या पाऊण तासात आम्ही दोन वादकांचे मानधन आणि स्टुडिओचे भाडे अशी तिहेरी रक्कम एकाच वेळी मोजत होतो. घड्याळ नेहमी एकच असते असे नाही. एका खोलीत तीन-तीन घड्याळे चालू असू शकतात.

फायलींचा विषय रुक्ष आहे, तरी तो टाळता येत नाही. आम्ही २४ बिट (आवाजाची पातळी किती बारकाईने मोजायची) आणि ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला किती हजार नमुने घ्यायचे) मुद्रण केले. या दर्जाचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा घेतो. सोळा ट्रॅकच्या, साडेचार मिनिटांच्या एका टेकला सुमारे ६२० एमबी लागतात, आणि आठ गाण्यांचे सरासरी सहा टेक धरले तर मूळ मुद्रणच तीस जीबीच्या घरात जाते. सीडीचा दर्जा १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ असतो, मग मुद्रण याहून वरच्या दर्जाचे का, असा प्रश्न एकाने विचारला. २४ बिटमध्ये पातळी सावधपणे कमी ठेवूनही बारीक आवाज गोंगाटात बुडत नाहीत, हे त्याचे व्यावहारिक उत्तर आहे. ९६ किलोहर्ट्झचा आग्रह मात्र आम्ही सोडला; जागा दुप्पट लागते आणि आमच्या संगीताला त्यातून काय मिळाले असते हे मला कळले नाही. स्टुडिओ फायली नव्वद दिवस सांभाळतो आणि नंतर पुसून टाकतो, ही अट बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होती. आम्ही दोन हार्ड डिस्क नेल्या, दोन ठिकाणी ठेवल्या. सुटे ट्रॅक देण्यासाठी वेगळे शुल्क लावले गेले. ते फार नव्हते, पण आधी सांगितलेले नव्हते, म्हणून टोचले.

मिक्सिंग त्याच स्टुडिओच्या दुसऱ्या अभियंत्यांनी केले. दर गाण्यामागे, आणि त्यात दोन वेळा दुरुस्त्या समाविष्ट. पहिल्या गाण्याचा मिक्स आला तेव्हा चौघांनी चार वेगवेगळ्या ईमेल पाठवल्या. गिटारवादकाला गिटार वर हवी होती, मला गायन वर हवे होते, आणि सगळेच वर केल्यावर काहीच वर राहत नाही हे अभियंत्यांनी अत्यंत सभ्य शब्दांत कळवले. सोबत हेही कळवले की दोन दुरुस्त्या यात संपल्या. त्यांचे म्हणणे रास्त होते. पुढच्या गाण्यापासून आम्ही एकाच व्यक्तीने, मिनिट-सेकंद लिहून, एकच यादी पाठवायची असे ठरवले: ‘१:४२ ला दुसऱ्या कडव्याचा पहिला शब्द दबतो’ अशा प्रकारची. त्यानंतर बाकी सातही गाण्यांपैकी एकालाही तिसरी दुरुस्ती लागली नाही. या अभियंत्यांच्या कामाबद्दल मी समाधानी आहे, विशेषतः बेस आणि किक एकमेकांच्या वाटेत न येता दोन्ही ऐकू येतात याबद्दल. छोट्या स्पीकरवरसुद्धा बेसची चाल हरवत नाही.

एक गोष्ट मात्र येथे पैसे मोजून शिकावी लागली. गायनाविना मिक्स आम्ही मागितलाच नव्हता. दोन महिन्यांनी एका कार्यक्रमासाठी तो हवा झाला तेव्हा आठही गाण्यांच्या मिक्सिंगच्या फायली पुन्हा उघडून, प्लगइन (आवाज घडवणारी सॉफ्टवेअर) जुळवून प्रत काढावी लागली आणि त्याचे वेगळे बिल आले. मिक्स पूर्ण होतो त्याच दिवशी गायनाविना प्रत, फक्त गायनाची प्रत आणि वाद्यांचे गट वेगवेगळे काढून घेणे हे काही मिनिटांचे काम असते. ते कोटेशनमध्येच लिहून घ्यावे. या बाबतीत स्टुडिओनेही विचारायला हवे होते असे माझे ठाम मत आहे, कारण ही गरज प्रत्येकालाच कधी ना कधी पडते आणि त्यांना ते पक्के ठाऊक असते.

मास्टरिंग आम्ही कोटेशनमध्ये असूनही त्यांच्याकडून करून घेतले नाही. ज्या खोलीत आणि ज्या स्पीकरवर मिक्स झाला, तेथेच, त्याच कानांनी मास्टरिंग झाले तर खोलीचे दोष तसेच राहतात. म्हणून ते बाहेरच्या तज्ज्ञाकडे दिले आणि एका भागाचा जादा खर्च पत्करला. त्यांनी पहिली सूचना केली ती मिक्सच्या शेवटी लावलेला लिमिटर (आवाजाची उसळी एका मर्यादेला दाबून धरणारे साधन) काढून २४ बिटच्या फायली पुन्हा पाठवण्याची. आम्ही मास्टर आणखी मोठ्या आवाजात हवा असा आग्रह धरला तेव्हा त्यांनी शांतपणे समजावले: स्पॉटिफायसारखी सेवा मूळ सेटिंगमध्ये गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) या पातळीला आणून वाजवते, त्यामुळे चेपून चेपून मोठा केलेला मास्टर तेथे पुन्हा खाली ओढला जातो आणि चेपल्याच्या खुणा तेवढ्या शिल्लक राहतात. मोठ्या आवाजाच्या दुसऱ्या आवृत्तीचे पैसे त्या संभाषणाने वाचवले. दोन गाण्यांमधल्या शांततेची लांबीसुद्धा त्यांनी आम्हाला समोर बसवून ठरवली, आणि चौथ्या गाण्यानंतर जवळजवळ पाच सेकंद काहीच नाही हा अल्बममधला माझा आवडता भाग आहे.

मुखपृष्ठ एका मित्राने केले, वितरकाचे शुल्क ठरलेले होते. दोन्हींत अंदाजापेक्षा कमी लागले. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला लागणारा आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकी संकेतांक आम्हाला वितरकानेच दिला. गायनाविना आवृत्ती वेगळी प्रसिद्ध करायची तर तिला नवा संकेतांक लागतो, तेवढे लक्षात ठेवावे. नववे एक गाणे, दुसऱ्याच्या रचनेवर आधारलेले, आम्ही आधीच वगळले होते: रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पैसे भरून मुद्रित केले तरी रचनेची परवानगी वेगळी घ्यावीच लागते. बाहेरच्या वादकांकडून मात्र आम्ही एका कागदावर सही घेतली, ज्यात मानधन मिळाले आणि मुद्रणावर हक्क आमचा, एवढेच लिहिले होते. हा कागद स्टुडिओने स्वतःहून पुढे केला, त्यासाठी त्यांचे आभार.

अखेरचा हिशेब असा झाला: ध्वनिमुद्रण ४९, वादक २२, मिक्सिंग १७, मास्टरिंग ६, मुखपृष्ठ आणि वितरण ८, आणि ज्याला कोणी ओळच दिली नव्हती ते प्रवास, वाद्यांची वाहतूक, नव्या तारा आणि कातडी, सहा दिवसांची जेवणे मिळून ६. एकूण १०८. राखीव दहा भाग तर संपलेच, वर आठ भाग चौघांनी पुन्हा खिशातून घातले. यांतले स्टुडिओच्या हलगर्जीपणामुळे गेले ते, हेडफोनचे तास वजा झाल्यावर, एका भागाहून जास्त भरणार नाहीत. बाकी सर्व आमच्या तयारीतल्या त्रुटींची किंमत होती.

म्हणून शिफारस करायची तर अशी करीन. चार-पाच जणांनी एकत्र वाजवायचे संगीत असेल आणि ड्रमचा आवाज महत्त्वाचा असेल, तर अशा स्टुडिओत जरूर जावे. ती खोली आणि ते कान दुसरीकडे सहज मिळत नाहीत. एकट्याने गिटारवर गाणाऱ्या व्यक्तीने येथे येऊन पूर्ण दिवसाचे पैसे मोजू नयेत. गाण्याची लय, पट्टी आणि रचना कागदावर पक्की झाल्याशिवाय तारीख घेऊ नये. कोटेशन मान्य करण्यापूर्वी घड्याळ कधी सुरू होते, बिघाडाचा वेळ कोणाचा, एडिटिंग कोठे मोडते, दुरुस्ती म्हणजे नेमके काय आणि फायली किती दिवस राहतात, ही पाच उत्तरे लेखी मागावीत. पाच ताऱ्यांपैकी मी साडेतीन देते: कामाला साडेचार, कागदपत्रांना अडीच.

पुढच्या पाच गाण्यांसाठी याच स्टुडिओत या वेळी तीनच दिवस मागितले आहेत, फक्त ड्रम, बेस आणि गिटारसाठी. नवे कोटेशन कालच आले. ते दोन पानांचे आहे, आणि दुसऱ्या पानाच्या शेवटी रेकॉर्डिस्टनी हाताने लिहिले आहे की ड्रमची कातडी आदल्या दिवशी नव्हे, तीन दिवस आधी बदलून वाजवून बसवून आणावीत, आणि हेडफोनची नवी पेटी आलेली आहे.